अठरा किलो समुद्राची वाळू

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. रक्कम रुपये सात हजार आठशे. हजर: मी, माझी बायको, अकरावीतली आमची मुलगी आणि खारघरचा मत्स्यालयवाला दुकानदार. रक्कम त्यानेच उच्चारली, आणि अशा आवाजात उच्चारली की जणू तो आम्हाला काहीतरी परत देत होता.

ही किंमत वाळूची होती. नऊ किलोची पिशवी तीन हजार नऊशेला, अशा दोन पिशव्या. मी दुकानातच भागाकार केला. किलोला चारशे तेहतीस रुपये. त्या आठवड्यात तूरडाळ आम्ही एकशे साठने आणली होती आणि काजू नऊशेने. म्हणजे वाळू डाळीच्या पावणेतीनपट आणि काजूच्या जवळपास निम्म्याने. काजू निदान खाता येतात, असं मी म्हणालो. दुकानदार म्हणाला, ‘‘सर, ही इम्पोर्टेड आहे.’’ परदेशातून मातीसुद्धा आणून विकता येते, हे मला माहीत होतं. विकत घेणारा माणूस कसा दिसतो, ते दुकानातल्या आरशात दिसत होतं.

वाळूची गरज का पडली, ते आधी सांगतो. समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांकडे खाऱ्या पाण्याचं सहा फुटी मत्स्यालय होतं, त्यात जिवंत प्रवाळ होते. ते कामासाठी बाहेरगावी गेले की माशांना खायला घालायला आमची मुलगी जायची. तिथे एक गोबी जातीचा मासा होता: पांढरा, अंगावर केशरी ठिपके, बोटाएवढा. हा मासा तळाशी राहतो, तोंडात वाळूचा घास घेतो, त्यातलं खाण्याजोगं गिळतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून खाली सोडतो. दिवसभर हेच काम. मुलगी त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसायची. अभ्यासाच्या पुस्तकाकडे ती एवढ्या एकाग्रतेने बघताना मी पाहिलेली नाही.

आता गृहस्थांची बदली कोचीला झाली होती. अख्खं मत्स्यालय, प्रवाळ, दिवे, मासे असं सगळं वाशीच्या एका दंतवैद्याने दवाखान्यासाठी विकत घेतलं. फक्त हा मासा त्याला नको होता. कारण तो वाळू उधळतो आणि ती महागड्या प्रवाळांवर पडते. पेशंटला तोंडातली घाण दाखवणाऱ्या माणसाला आपल्या काचेमागे घाण नको होती. पुढच्या शुक्रवारी त्याची माणसं टाकी न्यायला येणार होती. तोवर माशाची सोय झाली नाही, तर तो दुकानदाराकडे परत जाणार. तिथे मासे काचेच्या उघड्या कप्प्यांत ठेवतात, खाली वाळूचा कणही नसतो. चाळायला वाळू नाही म्हणजे हा मासा समोर अन्न असूनही वाळत जातो. हे गृहस्थांनी मुलीसमोर सांगितलं, त्यामुळे पुढचं बोलणं माझ्या हातात राहिलं नाही.

‘‘बाबा, तो मरेल तिथे.’’

‘‘आपण टाकी आणू,’’ मी म्हणालो. जुनी, पाऊण मीटर लांब आणि चाळीस सेंटिमीटर रुंद टाकी तीन हजारांत मिळाली. क्षारांची पिशवी आणली, टाकीत खारं पाणी तयार केलं. दोन मुरलेले दगड गृहस्थ आपल्या टाकीतून देणार होते, म्हणजे नवं पाणी माशाला लवकर मानवलं असतं. उरली वाळू. दुकानदार म्हणाला, थर चार सेंटिमीटरचा हवा. मी तिथेच हिशोब मांडला: पंचाहत्तर गुणिले चाळीस गुणिले चार म्हणजे बारा लिटर, लिटरला दीड किलो धरले तर अठरा किलो. गुणाकार मी दोनदा तपासला. अचूक होता.

‘‘बसा हिशोब करत,’’ बायको म्हणाली. ‘‘शुक्रवार काय थांबणारे तुमच्यासाठी?’’

मी म्हणालो, सात हजार आठशे रुपयांची वाळू घेण्याआधी माणसाने निदान एकदा बाजार बघावा. बाजार बघण्यात मी वाईट नाही. कामोठ्यातल्या या फ्लॅटच्या फरशांसाठी मी नऊ दुकानं फिरलो होतो, आणि त्या फरशा आजही फक्त दोनच ठिकाणी उचलल्या आहेत.

आधी मी गृहस्थांकडून नियम समजून घेतले. वाळू प्रवाळ-शिंपल्यांची, म्हणजे चुनखडीच्या जातीची हवी, कारण तिने पाण्याचा कस टिकतो. नदीची किंवा दगड फोडून केलेली नको. दाणा बारीक आणि गोल हवा, टोकदार नको, नाहीतर माशाचं तोंड सोलतं. आणि ओळखायची कशी? चिमूटभर वाळूवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकायचे. फेस आला तर चुनखडी. एवढं सोपं ज्ञान मिळाल्यावर मी घरातली चायनीजची व्हिनेगरची बाटली खिशात टाकली आणि स्कूटर काढली.

उलव्यात जिकडे बघावं तिकडे इमारती उठतायत, म्हणजे वाळूला तोटा नसणार, हा माझा तर्क होता. तो बरोबरच निघाला. रस्त्याच्या कडेला वाळूचे ढीग होते, ढिगांशेजारी पत्र्याचं ऑफिस, ऑफिसात प्लॅस्टिकच्या खुर्चीत मालक. जवळच्या गावचाच माणूस असावा. गळ्यात जाड चेन, हातात दोन मोबाईल.

‘‘किती ब्रास पायजे?’’

‘‘अठरा किलो.’’

त्याने एक मोबाईल खाली ठेवला. ‘‘किलो? सायब, हितं काय भाजी हाय का?’’

मी म्हणालो, आधी नमुना बघतो. ढिगापाशी गेलो, चिमूटभर वाळू कागदावर घेतली, खिशातून बाटली काढून दोन थेंब टाकले आणि चष्मा वर करून बघू लागलो. फेस नाही. दुसऱ्या ढिगावर गेलो. तिथेही नाही. मागे वळलो तर मालक उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर चहा-पाणी विचारावं असा आदर आला होता.

‘‘सायब, आधी सांगायचं ना. बसा. ये, च्या आन दोन! तहसीलचं हाव का तुमी?’’

‘‘नाही हो. माशासाठी बघतोय.’’

‘‘व्हय व्हय, माशासाठी,’’ तो डोळा बारीक करून म्हणाला. ‘‘पन आमची सगली पावती हाय. दगडाची रेती हाय, खाडीची न्हाय. खाडीला आमी हात पन लावत न्हाय.’’

मी पुन्हा मासा सांगितला, केशरी ठिपके सांगितले, मुलगी सांगितली. प्रत्येक वाक्यानिशी त्याचा माझ्यावरचा संशय पक्का होत गेला, कारण एवढी रंगवलेली सबब कोणी उगाच सांगत नाही. शेवटी त्याने पावत्यांची फाईलच पुढे ठेवली. मी चहा घेतला, फाईल चाळली नाही आणि निघालो. अर्ध्या तासात चहाशिवाय मी त्याच्याकडून काही घेतलं नव्हतं, आणि एवढ्यावरून तो मला प्रामाणिक अधिकारी समजला असणार. निघताना त्याने हळूच विचारलं, ‘‘मंग बाटलीत काय आलं? पास का नापास?’’

‘‘नापास,’’ मी खरं ते सांगितलं. त्याचा उरलेला दिवस कसा गेला, माहीत नाही.

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे गंज खरवडायला वापरतात ती पांढरी वाळू मिळते, पन्नास किलोचं पोतं चारशे रुपयांना. दिसायला सुंदर. व्हिनेगर टाकलं तर ढिम्म. शिवाय लोखंडाचा गंज काढणारी वाळू माशाच्या तोंडात घालण्याएवढा मी काटकसरी नाही.

मेहुण्याचा कोकणातून फोन आला. बायकोने त्याला सगळं सांगितलं होतं. ‘‘भावोजी, वाळूच पाहिजे ना? आमच्या दारात एवढा समुद्र आहे. दोन गोणी भरून एसटीत टाकतो.’’

मी म्हणालो, किनाऱ्यावरची वाळू अशी उचलता येत नाही, कायद्याने बंदी आहे.

‘‘बरं. मग आम्ही फिरायला जाऊन आलो की पायाला लागते, तेवढी झटकून पाठवू का?’’ पलीकडे आणखी कोणीतरी हसत होतं. तसंही त्यांच्या गावची वाळू काळी, आणि माझी बायको माहेरची कुठलीही गोष्ट नापास होणं सहन करत नाही, म्हणून व्हिनेगरचा विषय मी काढलाच नाही.

मंगळवार आला. शोध संपत नव्हता आणि मुलगी रोज संध्याकाळी जेवताना फक्त एवढंच विचारायची, ‘‘मिळाली?’’ नंतर ती समोरच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसायची. गृहस्थांच्या घरात खोकी भरली जात होती, आणि त्या खोक्यांच्या मध्ये ही मुलगी काचेला नाक लावून. मी दारातून एकदा पाहिलं आणि परत फिरलो.

बुधवारी सकाळी ऑफिसला निघताना दारातल्या रांगोळीवर माझी नजर गेली. बायको रोज उंबऱ्यापुढे छोटं कमळ काढते. पांढरं, बारीक दाण्याचं, स्वच्छ. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, हे आपल्याकडे कोणाला माहीत नसतं? पण कुठल्या दगडाची, हा प्रश्न एवढ्या वर्षांत मला पडला नव्हता. बाटली खिशात होतीच. मी वाकलो आणि कमळाच्या एका पाकळीवर दोन थेंब टाकले.

फेस आला. भरभरून आला.

‘‘अगं, इकडे ये!’’ मी ओरडलो. ‘‘फसफसतंय!’’

ती धावत आली. तिने कमळ बघितलं, माझ्या हातातली बाटली बघितली. ‘‘तुम्ही दारातल्या रांगोळीवर व्हिनेगर ओतलंत?’’

‘‘दोनच थेंब.’’

‘‘लक्ष्मी यायच्या वाटेवर चायनीज!’’

पण मला आता काहीच ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी कामोठ्याच्या बाजारात गेलो. पूजासाहित्यवाल्याकडे दिवाळीत न खपलेली पांढऱ्या रांगोळीची पोती पडून होती. दहा रुपये किलो. मी वीस किलो घेतली, दोन किलो वर असलेली बरी म्हणून. दोनशे रुपये. ‘‘लग्नकार्य आहे का?’’ त्याने विचारलं. मी म्हणालो, तसंच काहीतरी. सात हजार सहाशे रुपये वाचवलेला माणूस स्कूटरच्या पायदानावर पोतं ठेवून जसा घरी येतो, तसा मी आलो.

कुठलीही वाळू टाकीत घालण्याआधी धुवायची असते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मी बाथरूममध्ये बादल्या मांडल्या. पहिलं पाणी दुधासारखं निघालं. दहावंही दुधासारखं निघालं. चौदाव्या बादलीनंतर माझ्या लक्षात आलं की स्वच्छ पाणी निघेल तेव्हा बादलीत रांगोळी उरलेली नसेल. तेवढ्यात वॉचमनने इंटरकॉम केला: ‘‘साहेब, पाइपातून चुना येतोय खाली. पेंटिंग काढलंय का?’’ आणि त्याच वेळी बाथरूममधलं पाणी खाली जायचं थांबलं. जाळीखाली रांगोळी बसली होती, चांगली घट्ट. प्लंबरने सातशे घेतले आणि सळईने खरवडून काढलेला गोळा हातात धरून विचारलं, ‘‘सिमेंट कोणी टाकलं यात?’’ बायकोने माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं.

तरी मी उरलेली रांगोळी टाकीत घातलीच. हिशोब चुकलेला नव्हता, फक्त धुणं चुकलं होतं, असं माझं मत होतं. टाकी पांढरी झाली. दिवा लावला तर आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटचा मोठा डबा ठेवल्यासारखं दिसत होतं. गुरुवारी सकाळपर्यंत पाणी थोडं निवळलं आणि तळ दिसला. सपाट, गुळगुळीत, थापलेल्या बर्फीसारखा. मुलीने चमच्याच्या टोकाने त्यावर रेघ ओढली. रेघ तशीच राहिली.

गृहस्थांना बोलावलं. त्यांच्या घरी सामानाची बांधाबांध चालली होती, तरी ते आले. कमरेवर हात ठेवून टाकीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘छान आहे. रंग कधी भरताय?’’

‘‘चुनखडी आहे,’’ मी म्हणालो. ‘‘फेस येतो.’’

‘‘येणारच. संगमरवराची पूड असेल. पण साहेब, त्याला घास घेऊन चाळायचंय. हे त्याच्या कल्ल्यात गेलं तर आत लेप बसेल. तुमच्या प्लंबरने काढला तसा.’’ प्लंबरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आमच्या सोसायटीत पार्सल पोचत नाही, बातमी पोचते.

मुलीने चमचा धुतला, पुसला, डब्यात ठेवला. मग म्हणाली, ‘‘राहू दे काका. उद्या दुकानातच देऊन टाका त्याला.’’

ती रडली असती तर मी चिडलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं. ती कॉलेजला निघून गेली. मी म्हणालो, ‘‘मी बघतो काहीतरी. तळोज्याला संगमरवर कापणारे आहेत, त्यांच्याकडे जाड भुकटी असेल.’’

बायको म्हणाली, ‘‘जा. आणि येताना थोडी अक्कल दिसली तर तिच्यावरही व्हिनेगर टाकून बघा.’’

ऑफिसातून लवकर निघून मी तळोज्याला गेलो. जाड भुकटी होती. फेसही येत होता. दाणे काचेसारखे टोकदार होते, बोटाला लागले. मी ती घेतली नाही. परतीच्या वाटेवर मी खारघरच्या त्या दुकानाकडे जायचं ठरवलं, पूर्ण सात हजार आठशे खिशात घालून. पण दुकानावर पाटी होती: गुरुवारी सायंकाळी बंद. ज्या एका संध्याकाळी मी भाव न करता पैसे द्यायला तयार होतो, त्याच संध्याकाळी.

घरी आलो तर लिफ्ट बंद. चार मजले चढून दार उघडलं. हॉलमध्ये जमिनीवर जुनी चादर पसरलेली, चादरीवर बायको आणि मुलगी बसलेल्या, दोघींच्या कोपरापर्यंत पांढरं. टाकी रिकामी करून पुसलेली होती. रांगोळी बादल्यांत भरून बाल्कनीत. टाकीच्या तळाला क्रीम रंगाची वाळू पसरलेली होती. वर स्वच्छ पाणी आणि मधोमध गृहस्थांचे दोन दगड.

‘‘ही कुठून आली?’’

‘‘दुकानातून,’’ मुलगी म्हणाली. ‘‘दुपारी कॉलेज सुटल्यावर गेले. एक पिशवी.’’

‘‘एक? नऊ किलो? अगं, दोन सेंटिमीटर होतात फक्त. चार हवेत.’’

‘‘कोणी सांगितलं चार?’’

‘‘दुकानदाराने.’’

‘‘तो वाळू विकतो, बाबा.’’

मी वाकून काचेवरून थर बोटाने मोजला.

‘‘मी काकांना विचारलं. ते म्हणाले, एका माशाला दोन पुष्कळ झाले. त्यांच्याकडे तरी कुठे चार होते?’’

पाच दिवस मी भाव तपासला, दाणा तपासला, जात तपासली, बारा लिटरचे अठरा किलो दोनदा करून बघितले. चारचा आकडा मी वाळू विकणाऱ्याकडून घेतला आणि तेवढा एकच तपासला नाही. व्हिनेगरचे दोन थेंब तिथे टाकायला हवे होते.

‘‘आणि पाणी?’’ मी विषय बदलला. ‘‘क्षार? केवढे गेले असतील.’’

‘‘नवं केलं. उरलेल्या क्षारात झालं. पाच लिटर काकांच्या टाकीतलं आहे.’’

शुक्रवारी सकाळी दंतवैद्याची माणसं यायच्या आधी गृहस्थांनी मासा एका प्लॅस्टिकच्या डब्यातून आणला. अर्धा तास डब्यात थोडं थोडं आमचं पाणी घालत बसले. मग डबा तिरका केला. मासा बाहेर आला, तळाला गेला आणि दगडाच्या आडोशाला हलला नाही. मुलीने टाकीच्या कडेला दोन्ही हात धरले होते. गृहस्थ घड्याळ बघत होते, खाली ट्रक आला होता.

मग माशाने तोंड उघडलं, वाळूत खुपसलं, घास घेतला आणि दोन्ही कल्ल्यांतून बारीक धार सोडली. पुन्हा एकदा. पुन्हा. तिसऱ्या घासाला त्याने वाळू नेऊन बरोबर दगडावर टाकली. दंतवैद्याचं बरोबर होतं, मासा उधळ्या आहे.

मुलीने नाक ओढलं आणि गृहस्थांच्या पाया पडली. ते गडबडले, ‘‘अगं, अगं,’’ म्हणाले आणि लगेच आपल्या दारी गेले, कारण तिकडे कोणीतरी सहा फुटी टाकी उचलताना आरडाओरडा करत होतं.

मी त्या संध्याकाळी एकूण खर्च मांडला. रांगोळी दोनशे, प्लंबर सातशे, व्हिनेगरच्या बाटल्या नव्वद, पेट्रोल तीनशे दहा, पांढऱ्या पाण्याबरोबर गेलेले क्षार चौदाशे. एकूण दोन हजार सातशे. त्यात पिशवीचे तीन हजार नऊशे मिळवले तर सहा हजार सहाशे. म्हणजे मूळ सात हजार आठशेच्या मानाने बाराशे रुपये वाचलेच. घरात हे कोणी मान्य करत नाही. बायको म्हणते, वाचलेले बाराशे आधी दाखवा.

पिशवीचे पैसे मुलीने स्वतःच्या साठवणीतून दिले होते. मी तिला बोलावलं आणि म्हणालो, किती द्यायचे?

‘‘तीन हजार नऊशे. आणि रिक्षाचे एकशे वीस.’’

मी पाचशेच्या आठ नोटा आणि वर शंभराची एक दिली. एकूण एक्केचाळीसशे. ‘‘ऐंशी परत दे.’’

‘‘लिफ्ट बंद होती,’’ ती म्हणाली. ‘‘नऊ किलो चार मजले मी उचलून आणले. त्याचे ऐंशी.’’

वजन आणि मजले दोन्ही बरोबर होते. वाळूपोटी अखेर दिलेली रक्कम रुपये चार हजार शंभर, दिली मुलीला.